बेंड पाईपवरची निळाई

माझा भाऊ समुद्रावरून परत आला नाही, तेव्हा त्याची मोटारसायकल जेटीजवळ माडाखाली तशीच उभी होती. तिला घरी आणायला आम्हां तिघांपैकी कोणाचाही पाय निघेना. बाबांना गाडी चालवता येत नव्हती, मला तेव्हा फक्त स्कूटर येत होती, आणि आई गाडीचं नाव काढलं की उठून आत जायची.

तो दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी होता. त्या रात्री जाळं टाकून बाकीचे झोपले, पहाटे ओढायला उठले तर हा नव्हता. कोणी त्याला पडताना पाहिलं नाही, कोणी आवाज ऐकला नाही. समुद्र शांत होता, असं सगळे सांगत होते. शोध झाला, होड्या फिरल्या, विजयदुर्गापासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावरच्या गावांना निरोप गेले. काही म्हणजे काही मिळालं नाही. त्यामुळे सुतक धरायचं की नाही, हेसुद्धा आमच्या घरात ठरलं नाही. शेजारच्या बायका यायच्या, ओट्यावर बसायच्या, पण रडायचं की धीर द्यायचा हे त्यांनाही कळायचं नाही. मग त्या पावसापाण्याचं, माशांच्या भावाचं बोलायच्या आणि उठून जायच्या.

शेवटी मालवणातला एक मेकॅनिक, माझ्या भावाचा लहानपणापासूनचा मित्र, स्वतःहून आला. घरी असलेली दुसरी किल्ली माझ्याकडून घेऊन गेला आणि दुपारी गाडी चालवत घेऊन आला. त्यानं ती ढकलत आणली असती तर बरं झालं असतं. आमच्या घराकडे येणारी पाणंद चढाची आहे. त्या चढावर माझा भाऊ नेहमी दुसरा गिअर टाकायचा आणि इंजिनाचा आवाज एकदम जाड व्हायचा. तो आवाज आला. आई तांदूळ धूत होती. ती हातातलं तसंच टाकून बाहेर धावली. तिच्या कोपरापर्यंत तांदळाचं पाणी ओघळत होतं. वळणावरून गाडी आली, आणि तिच्यावर दुसराच माणूस होता.

आई तिथेच पायरीवर बसली. मेकॅनिकनं गाडी बंद केली आणि तो मान खाली घालून उभा राहिला. बाबांनी त्याच्या हातातून किल्ली घेतली, देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवली, आणि गाडी ढकलत घरामागच्या मांगरात नेऊन लावली. मांगर म्हणजे आमची माडाच्या झापांची बंद शेड. जाळी, वल्ही, नारळाची सोडणं, सगळं तिथंच असतं.

मी सिंधुदुर्गनगरीत, म्हणजे ओरोसला, एका सरकारी कार्यालयात काम करते आणि तिथंच क्वार्टरमध्ये एका सहकारी बाईंबरोबर राहते. शनिवार-रविवार गावी येते. भाऊ गेल्यावर काही महिने मी मांगराकडे फिरकलेच नाही. मग एका शनिवारी नारळ आणायला आत गेले आणि गाडी दिसली. तिच्यावर धूळ होती, टाकीवर कोंबडीची पिसं चिकटली होती, आणि पुढच्या बेंड पाईपवर तांबूस ठिपके उठले होते.

बेंड पाईप म्हणजे इंजिनाच्या तोंडातून निघून खाली वळणारी आणि मागे सायलेन्सरला जाऊन मिळणारी नळी. माझ्या भावाचा सगळा जीव त्या नळीत होता. कोल्हापूरला नेऊन त्यानं तिच्यावर नवं क्रोम चढवून आणलं होतं. जेटीवरून आला की आधी गोड्या पाण्यानं ती धुवायचा, पुसायचा, आणि मगच स्वतः आंघोळीला जायचा. समुद्राकडचा वारा खारा, त्यात ती नळी सतत तापणारी. चार दिवस लक्ष दिलं नाही तर पिवळी पडते, मग जांभळी, मग निळी. "थोबाड धुवक वेळ नाय, नळी मात्र आरशासारखी होयी," असं आई त्याला म्हणायची. तो हसायचा आणि त्याच नळीत तोंड बघून केस नीट करायचा.

ते तांबूस ठिपके त्यानं एक दिवस राहू दिले नसते. मी मेकॅनिकला फोन केला आणि कसं स्वच्छ करायचं ते विचारलं. मग त्यानं सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरुवात केल्यावर थांबलाच नाही. मला वाटतं त्यालाही काहीतरी करायला हवं होतं.

आधी साबणाच्या पाण्यानं धुवायचं. गंजाच्या ठिपक्यांना पॉलिश पेपर लावायचा नाही, ओरखडा पडला की तिथूनच गंज आत शिरतो. डब्यात पोळ्या गुंडाळतो तो चांदीचा कागद चुरगळायचा, पाण्यात बुडवायचा आणि त्यानं हलकेच घासायचं. मग मऊ कापडावर मेटल पॉलिश घेऊन नळीच्या लांबीनं हात फिरवायचा. शेवटी थिनरचा बोळा.

"आणि मगे उघडो हात लावा नको हां," तो म्हणाला. "बोटाचा तेल ऱ्हवता. नळी तापली काय ता भाजून बसता. मगे बोटां कायमची दिसतत."

मी ते सगळं केलं. सकाळभर मांगरात पाटावर बसून घासत होते. चांदीच्या कागदाचा काळा रस माझ्या मनगटावरून वाहत होता. ठिपके गेले, पिवळेपणा गेला, आणि जेवायच्या वेळेला नळी अशी चकाकली की तिच्यात झापांच्या फटीतून येणारा उजेड दिसायला लागला. मांगराच्या दारात बाबा येऊन उभे राहिले. बघितलं आणि गेले. आई आलीच नाही.

पुढच्या शनिवारी मी घरी पोचले आणि पिशवी ठेवून आधी मांगरात गेले. नळी इंजिनाजवळ पिवळी पडली होती आणि वळणावर एक निळसर पट्टा उठला होता.

मला वाटलं माझंच काही चुकलं, पॉलिश नीट पुसलं गेलं नसेल. पुन्हा मेकॅनिकला फोन केला.

"उभ्या गाडीक गंज येतलो," तो म्हणाला. "पण निळी व्हवची नाय. ही निळाय उष्णतेची. गाडी चालू केल्याशिवाय येणा नाय." मग म्हणाला, "घराकडे कोण चालू करता काय?"

घरात दोनच माणसं. बाबा पहाटे आपली छोटी होडी घेऊन जातात, नऊ-दहाला परत येतात. आई त्यांचे मासे आणि जेटीवर लिलावात घेतलेले मासे घेऊन मालवणच्या बाजारात बसते आणि दुपारच्या एसटीनं परत येते. दोघांनाही गाडी येत नाही. तरी मी जेवताना विचारलं.

"बाबा, गाडी कोणी चालू केल्यान?"

"कोण करतलो?" बाबा ताटाकडे बघत म्हणाले.

किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यालाच होती. मी बघितली होती.

संध्याकाळी आई चुलीपुढे बसली होती. गॅस आहे, पण माशाची कढी ती चुलीवरच करते. मी तिच्याजवळ बसले. काही विचारलं नव्हतं, तरी ती एकदम म्हणाली, "तो येता."

"कोण?"

"कोण म्हणजे? तुझो भाव. दुपारचो येता. माका कळता."

तिचा आवाज अगदी साधा होता, एसटी येते असं सांगावं तसा. तिनं कढीत तिरफळं टाकली, ढवळलं.

"शनिवार-आयतवारी येणा नाय," ती पुढे म्हणाली. "तू आसतंस ना घरात."

हे वाक्य माझ्या अंगावर आलं. आम्हां भावंडांत कधी वितुष्ट नव्हतं. मग मी घरात असताना त्यानं का येऊ नये? असला प्रश्न मनात येणं हाच वेडेपणा आहे, हे मला कळत होतं. कार्यालयात कोणी असं बोललं असतं तर मी त्याला समजावलं असतं. पण त्या चुलीपुढे, आईच्या शेजारी बसून, मला फक्त वाईट वाटलं की तो मला टाळतो आहे.

रविवारी मी नळी पुन्हा स्वच्छ केली. या वेळी थिनर लावल्यावर चुकूनसुद्धा हात लागू दिला नाही. मांगराचं दार लावून घेतलं.

त्या आठवड्यात मी क्वार्टरमध्ये नीट झोपले नाही. रस्त्यावरून कोणतीही मोटारसायकल गेली की कान तिकडे जायचे. सहकारी बाईंनी दोनदा विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. त्यांना काय सांगणार होते? आमच्याकडे एक पाईप निळा होतो, हे?

शनिवारी मांगराचं दार उघडलं, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबले, आणि मग नळीपाशी वाकले. ती निळी झाली होतीच. पण त्या निळ्यावर, वळणाच्या वरच्या अंगाला, बोटं होती. तपकिरी, भाजून बसलेली, एकमेकांना चिकटून. चार बोटं आणि खाली तळव्याचा थोडासा भाग. कोणीतरी नळीवर हात ठेवला होता. नुसता लागला नव्हता, नीट ठेवला होता.

मी त्या खुणांवर माझा हात धरून बघितला, न टेकवता. खुणा पसरल्या होत्या, त्यामुळे लहान की मोठा हात ते सांगता येत नव्हतं. बाहेर ऊन होतं, शेजारी कोणीतरी नारळ सोलत होतं, कोंबड्या ओरडत होत्या, आणि भर सकाळी मला त्या मांगरात उभं राहता येईना. मी बाहेर आले. त्या वेळी पॉलिश केलं नाही. आईलाही काही सांगितलं नाही, कारण ती काय म्हणणार ते मला ठाऊक होतं, आणि माझा त्यावर विश्वास बसायला लागला होता.

नंतर एका बुधवारी मला कार्यालयाच्या कामासाठी मालवणला पाठवलं. काम लवकर आटोपलं. परतीच्या एसटीला वेळ होता, म्हणून मी कोणाला न कळवता घरी निघाले. भर दुपार होती. पाणंदीत चिटपाखरू नव्हतं. अर्ध्या चढावर आले आणि मला इंजिनाचा आवाज ऐकू आला.

तोच होता. मी त्या आवाजाबरोबर वाढले होते म्हटलं तरी चालेल. आवाज पुढे येत नव्हता, मागे जात नव्हता. एकाच जागी, आमच्या घरामागे, धडधडत होता. वाटेकडेच्या दगडी गडग्याला धरून उभी राहिले. पळून जावं असं वाटलं, आणि त्याच वेळी असंही वाटलं की आत्ता गेले नाही तर तो पुन्हा निघून जाईल. मी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या. का, ते आजही सांगता येणार नाही. आवाज होऊ नये म्हणून असेल. आणि मांगराच्या दारापाशी गेले.

आत बाबा होते.

गाडी मधल्या स्टँडवर उभी होती आणि चालू होती. बाबा तिच्या शेजारी जाळ्यांच्या ढिगावर बसले होते. मांडीवर हात, डोळे मिटलेले. मांगर धुरानं भरला होता. मी हाक मारली ती त्यांना ऐकू गेली नाही. मी पुढे होऊन किल्ली फिरवली. आवाज थांबला तेव्हा ते दचकून उठले आणि माझ्याकडे असे बघायला लागले, की एक क्षण मी त्यांना कोण वाटले असेन कोण जाणे.

"तू खंय गो आता?" ते म्हणाले.

"बाबा, ह्या काय?"

"इंजिन जाम जायत म्हणान," त्यांनी घाईघाईनं सांगितलं. "उभी ऱ्हवली काय जाम जाता. वायच चालू करून ठेवतंय. होडयेचा पेट्रोल घालतंय."

बाबांनी गमछ्यानं तोंड पुसलं आणि परत जाळ्यांवर बसले.

"तसा नाय," थोड्या वेळानं ते म्हणाले. "आवाज आयकलंय काय बरा वाटता. डोळे मिटून बसलंय काय वाटता, तो इलो, गाडी लावता हा, आता भितर येतलो." ते माझ्याकडे बघत नव्हते. "आवशीक सांगा नको. त्या दिसा कशी धावत इली, तू बघितलंस मा? म्हणान मी ती एसटीसून उतरायच्या आधी बंद करतंय."

मग त्या बोटांचं मी विचारलं. बाबांना काही कळेना. "मी हात लावणा नाय," ते म्हणाले. "भाजता."

बोलता बोलता नळी निवत आली होती, तेवढ्यात पाणंदीत आईच्या चपलांचा आवाज आला. बाबांनी माझा दंड धरला आणि आम्ही दोघं मांगराच्या मागच्या दारानं बाहेर जाऊन झापांच्या आड उभे राहिलो. चोरासारखे. का लपलो, तेही आम्ही नंतर कधी एकमेकांना विचारलं नाही. धुराच्या वासानं आईला कळेल, अशी बाबांना भीती असावी. पण मांगर उघडा होता, वारा आत शिरला होता, आणि आईच्या अंगाला, लुगड्याला माशांचा इतका वास असायचा की तिला दुसरा कसला वास येतच नसावा.

आई घरात गेली नाही. मोकळी पाटी तिनं मांगराच्या दारात उतरवून ठेवली, आत आली, गाडीपाशी वाकली आणि बेंड पाईपवर हात ठेवला.

आणि मला एकदम आठवलं. ती हे नेहमी करायची. भाऊ असताना बाजारातून आली की आधी गाडीपाशी जायची, नळीला हात लावायची. नळी गरम असली तर तो आत्ताच आलाय, भात टाकायला हवा. थंड असली तर केव्हाचा येऊन झोपलाय, उठवायचं नाही. त्याला काही विचारायची तिला गरज नसे. मी ओरोसला राहायला गेले आणि हे सगळं विसरून गेले होते. ती विसरली नव्हती.

तिनं हात बराच वेळ तसाच ठेवला. तिचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. मग ती गाडीशी बोलावं तशी हळूच म्हणाली, "इलंस आणि गेलंस पण? वायच जेवन तरी जा मा रे."

माझ्या दंडावरची बाबांची पकड सुटली.

आई घरात गेल्यावरही बाबा तिथून हलले नाहीत. त्यांचे ओठ हलत होते. "मी काय करून बसलंय," ते म्हणाले. "रोज. रोज ती हात लावता, आणि रोज मी..."

मी घरात गेले, आत्ताच आले असं दाखवलं. आईनं मला भात वाढला. चुलीशेजारी एक ताट दुसऱ्या ताटानं झाकून ठेवलेलं होतं. बाबांचं जेवण झालेलं होतं. ते ताट कोणाचं, हे मी विचारलं नाही. जेवून मी संध्याकाळच्या एसटीनं ओरोसला गेले.

बाबांनी गाडी चालू करणं बंद केलं. त्यांनी मला तसं सांगितलं नाही, पण शुक्रवारी आईचा फोन आला. ती सहसा फोन करत नाही.

"तू बुधवारी काय केलंस गो?" तिनं विचारलं.

"काय म्हणजे?"

"तो येणा नाय. काल नाय, आज नाय. थंड पडली हा." तिचा श्वास लागत होता. "तू ती घासतंस ना सारखी? तू तेची खूण पुसलंस. म्हणान तो येणा नाय."

मी फोन हातात धरून कार्यालयाच्या जिन्यात उभी होते. माणसं वरखाली करत होती. "आये, तसा नाय गे," मी म्हटलं. तिनं फोन ठेवला.

शनिवारी घरी गेले तर आई बाजाराला गेली नव्हती. मांगराच्या दारात बसली होती. केस विंचरलेले नव्हते. मला बघून तिनं तोंड फिरवलं. जेवायला बसलो तेव्हा तिनं बाबांना वाढलं, झाकायचं ताट वाढलं, स्वतःला घेतलं, आणि माझ्यापुढे भाताचं भांडं नुसतं सरकवलं. हे बाबांनी बघितलं. ते घास हातात धरून थांबले.

"तिका कित्याक दोष देतंस?" ते म्हणाले. "तिना काय पुसल्यान नाय. गाडी मी चालू करी. रोज दुपारी. मीच."

आईनं घेतलेला घास ताटात परत ठेवला.

"आवाज आयकूक," बाबा म्हणाले. "दुसरा कायएक नाय. तू हात लावतंस ता माका म्हायत नव्हता गो. देवाशपथ म्हायत नव्हता."

मला वाटलं ती ओरडेल, किंवा रडेल. तिनं स्वतःचं ताट बाजूला केलं, उठली, ते झाकलेलं ताट घेतलं, मागच्या पायरीवर जाऊन बसली आणि जेवायला लागली. सावकाश, सगळं. बांगड्याचं डोकं माझ्या भावाला आवडायचं, तेही तिनं चोखून खाल्लं. मग ताट घासून पालथं घातलं.

त्यानंतर बरेच दिवस ती बाबांशी बोलली नाही. बोलायचं असलं की माझ्यामार्फत, आणि मी नसले की भिंतीकडे तोंड करून. "तुझ्या बापाशीक सांग, पाणी तापला." "तुझ्या बापाशीक सांग, जाळा फाटला हा." बाबा सगळं ऐकून घ्यायचे. ते अर्धे झाले होते. होडीवरून यायचे आणि घराच्या पुढच्या बाजूलाच बसून राहायचे. मांगराकडे जायचे नाहीत.

मग एका रविवारी मी नळी घासत बसले होते. आता घासायला तसं कारण उरलं नव्हतं, पण खार बसतच होता, आणि हातांना सवय झाली होती. बोटांच्या त्या खुणांवर मी पॉलिशचं कापड फिरवलं. त्या फिकट झाल्या, पण गेल्या नाहीत. आई दारात येऊन उभी राहिली.

"बापाशीक हाडून ये," ती म्हणाली. घेऊन ये.

बाबा आले. आईनं पदर खोचला आणि गाडीपाशी खाली बसली. तिनं आपला हात नळीवर ठेवला. मग वर न बघता म्हणाली, "माज्यासमोर चालू करा."

ती किती दिवसांनी त्यांच्याशी थेट बोलत होती. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी देव्हाऱ्याशेजारची किल्ली आणून दिली. बाबांनी गाडी चालू केली. एवढ्या बंद जागेत तो आवाज छातीत शिरत होता. आई हलली नाही. थंड नळी कशी कोमट होते, कोमटाची कशी गरम होते, ते तिनं हातानं बघितलं. चटका बसेपर्यंत तिनं हात काढला नाही. मग काढला आणि दुसऱ्या हातात धरला.

"बंद करा," ती म्हणाली.

बाबांनी बंद केली. आणि तेव्हा ती रडली. तो गेल्यापासून पहिल्यांदा. बाबा तिच्याजवळ मातीत बसले. मी तिच्या हातावर खोबरेल लावलं. त्या दुपारी आमच्या घरात पहिल्यांदा कोणीतरी मेल्यासारखं वाटलं, आणि शेजारच्या बायकांना ते रडणं ऐकून काय करायचं ते बरोबर कळलं. त्या आल्या आणि आईला धरून बसल्या.

गाडी विकायचं कोणाच्या मनात आलं नाही. मेकॅनिक म्हणाला, अशी एका जागी चालू ठेवू नका, नळीला वारा लागला पाहिजे, नाहीतर ती भाजतच राहणार. "तू शीक गो," तो मला म्हणाला. शाळेच्या मैदानावर त्यानं मला शिकवलं. मी दोनदा पडले. आता मी ओरोसला गाडीनंच जाते-येते. घरी आले की विहिरीच्या पाण्यानं बेंड पाईप धुते, पूर्ण थंड झाल्यावर पुसते, उष्णता सोसणारा स्प्रे मारते. तो फार टिकत नाही. नळीवर पट्टी गुंडाळतात तसं करू का, असं मी विचारलं होतं, तर मेकॅनिक नको म्हणाला. पट्टीत खारं पाणी मुरतं आणि आतून गंजतं, वर कळतही नाही. म्हणजे धूत राहायचं आणि घासत राहायचं, दुसरा इलाज नाही.

सुरुवातीला मालवणात शिरले की माणसं वळून बघायची. गाडी चालवणारी बाई म्हणून बघतात असं मला वाटायचं. मग एकदा जेटीवर चहाच्या टपरीपाशी मी वळण घेतलं आणि इंजिनाचा आवाज ऐकून बाकड्यावरचे दोन खलाशी एकदम उठून उभे राहिले. भावाच्याच ट्रॉलरवरचे होते. मला बघितलं आणि परत बसले. एकानं हातातला चहा टाकून दिला. मी त्या रस्त्यानं जायचं सोडलं.

यंदा आईच्या माहेरी, विजयदुर्गाच्या अलीकडे, तिच्या भाचीचं लग्न होतं. बाबांना होडी सोडून यायला जमणार नव्हतं. आई म्हणाली, एसटी दोनदा बदलायची, त्यापेक्षा तुझ्या मागे बसून येते. ती आजवर त्या गाडीवर भावाच्याच मागे बसली होती. नवं लुगडं नेसून ती एका बाजूला पाय सोडून बसली, मांडीवर पिशवी, एक हात माझ्या खांद्यावर. आंब्याच्या बागांमधून रस्ता जात होता. मोहोर सरत आला होता. आम्ही दोघी फारसं बोललो नाही. डोक्यावर हेल्मेट, इंजिनाचा आवाज, त्यात बोललेलं ऐकू कुठे येतं?

देवगड मागे पडल्यावर एक लांब उतार लागला. गाडीनं वेग घेतला. खांद्यावरचा हात घट्ट झाला आणि माझ्या कानाशी आईचा आवाज आला.

"सावकाश रे. माका भिया वाटता."

मला ती आजवर नेहमी गो म्हणत आली आहे. मी आरशात बघितलं. तिचे डोळे मिटलेले होते, पदर वाऱ्यावर उडत होता, आणि चेहरा शांत होता. मी काही बोलले असते, तर एवढ्या जवळून तिला माझा आवाज ओळखू आला असता.

मी नुसती मान हलवली, आणि ब्रेक हळूहळू दाबत गेले.